फ्लेम एंजल आणि पागडीचा भाडेकरू

माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा फोटो बघून सगळे आधी हेच विचारतात की हा लाल मासा कुठला. तर हा फ्लेम एंजल. लालभडक केशरी अंग, त्यावर उभे काळे पट्टे आणि वरच्या-खालच्या परांना मागे जांभळी-निळी किनार, पैठणीच्या काठासारखी. पॅसिफिकमधला, हवाई, मार्शल बेटं त्या बाजूचा. वाढून वाढून 15 सेंटीमीटर, घरात 10 झाला तरी खूप. दुकानदार म्हणतो सेमी-अ‍ॅग्रेसिव्ह आहे, आपण म्हणतो सेमी म्हणजे अर्धाच ना, चालतंय की!

मीही तेच म्हणालो. चार फुटी टँक, 300 लिटरच्या आसपास, दीड महिना नुसते दगड आणि पाणी फिरवत बसलो, पाण्यातले अमोनिया नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर येईपर्यंत धीर धरला, आणि मग हौसेपोटी पहिला मासा सोडला तो हाच. तीन आठवड्यांनी कोरल ब्यूटी आणला, तोही त्याच जातकुळीतला. सकाळी चहा घेऊन बघतो तर नव्याची शेपटी करवतीसारखी झालेली आणि तो पंपाच्या मागे कोपऱ्यात, हलेचना.

आता यात त्याचा राग वगैरे काही नसतो. समुद्रात एक नर, दोन-चार माद्या आणि खडकाचा एक तुकडा असा त्यांचा संसार (सगळे आधी मादीच असतात बरं का, त्यातली दांडगी असते ती नर होते), दिवसभर त्याच खडकावरचं शेवाळ टोचत फिरायचं. म्हणजे घरही तेच आणि ताटही तेच. त्यात आपल्यासारखाच दिसणारा, तेच खाणारा कुणी आला की हा पागडीचा जुना भाडेकरू होतो, हलणार तर नाहीच, वर दुसऱ्याला जिन्यातही उभं राहू देणार नाही.

म्हणून शांत मासे आधी, हा सगळ्यात शेवटी. उलटं झालंच असेल तर दगडांची मांडणी बदला, काचेला बाहेरून आरसा लावा, मग साहेब दोन-चार दिवस स्वतःशीच भांडण्यात बिझी राहतात. मी मात्र कोरल ब्यूटी परतच केला. आणि तो काढताना जाळी वापरली ही दुसरी चूक, कारण एंजलच्या गालाखाली मागे वळलेला काटा असतो, तो जाळीत असा अडकला की शेवटी कात्रीने जाळी कापावी लागली. प्लास्टिकच्या डब्यातच धरा.

खायला मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य), सुशीची साधी नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. टँकमधलं कोरल, म्हणजे प्रवाळ, टोचेल का? टोचू शकतो, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. खर्चाचं म्हणाल तर मुंबईच्या मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणारं यंत्र) 26 डिग्री विसरा.

काय म्हणालात, समुद्राचं पाणी? नको हो, चौपाटीचं तर नकोच. आरओचं पाणी आणि मरीन सॉल्ट, लिटरला साधारण 35 ग्रॅम. आणि नाही, स्वयंपाकघरातलं मीठ नाही चालत, मागे एकाने तेही विचारलं होतं.