गिरणाकाठची बोक चोय

(दृश्य: परसातला वाफा. ओल्या काळ्या मातीत पांढऱ्या देठांची रांग.)

बी टाकलं तेव्हा दिवाळीचे आकाशकंदील नुकतेच उतरले होते. आज सत्तेचाळिसावा दिवस. भडगाव तालुक्यातलं, गिरणेच्या जवळचं हे माझ्या मावशीचं परसदार. एका कडेला मेथी, दुसऱ्या कडेला कांद्याची पात आणि मधल्या वाफ्यात बोक चोय.

रोपं पहिल्यांदा वर आली तेव्हा मावशीने विचारलं होतं, "हाई काय शे?" चिनी भाजी आहे, म्हणालो. तिने पानाचा तुकडा तोडला, चावला आणि म्हणाली, "मोहरीनी चव शे."

तिची जीभ बरोबर होती. बोक चोय आणि सलगम एकाच प्रजातीचे, ब्रासिका रॅपा. आपल्या फोडणीत तडतडते ती राईसुद्धा याच प्रजातीच्या आणि काळ्या मोहरीच्या संकरातून आलेली. कँटोनीज बोलीत 'बाक' म्हणजे पांढरी, 'चोय' म्हणजे भाजी. नाव परकं, पण भावकी आपल्या मिसळणाच्या डब्यातलीच.

(दृश्य: परातीत पाणी, उभे चिरलेले गड्डे.)

आधी धुणं. देठांच्या बुडाशी काळी माती अशी घट्ट बसते की वरवर धुतलेली भाजी हमखास दाताखाली कचकचते. गड्डा बुडातून उभा चिरायचा, दहा मिनिटं पाण्यात ठेवायचा, मग एकेक देठ बोटाने चोळायचा. पानांच्या मागे मावा असतो, म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ.

पहिल्या खेपेला मावशीने मेथीसारखीच केली. सगळी एकदम कढईत आणि वर झाकण. भाजीला पाणी सुटलं, पानं काळपट झाली, देठ मात्र कचवट राहिले आणि घरभर उकडलेल्या कोबीचा वास. आम्ही दोघांनी ती मुकाट्याने खाल्ली. त्या दिवशी कळलं की ही एक भाजी नाही, दोन आहेत. देठ वेगळा, पान वेगळं.

(दृश्य: चुलीवर लोखंडी कढई. तेलात लसूण.)

आता बघा. शेंगदाण्याचं तेल चांगलं तापू द्यायचं. मोहरी, सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या. आधी फक्त देठाचे तुकडे, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं. कडा पारदर्शक दिसल्या की पानं टाकायची. पानांना एक मिनिट पुरे. "पानी टाकानं काम नही," मावशी सांगते, आणि खरंच, भाजीत स्वतःचंच पाणी भरपूर. मीठ अगदी शेवटी, नाहीतर ते पाणी आधीच सुटतं. वरून दोन चमचे शेंगदाण्याचा कूट. कूट उरलेला रस ओढून घेतो आणि देठ कुरकुरीत राहतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. माझ्या मते या भाजीला याहून चांगली जोड नाही.

पानं जास्त झाली तर फुनके. तूर आणि हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात बारीक चिरून पिळलेली पानं, लसूण, जिरं, मिरची. मुटके वळून वाफवायचे आणि गरम कढीत कुस्करून खायचे. पिळायचं विसरलात तर मुटका वळलाच जात नाही.

कोवळे देठ बारीक चिरून भरितात कच्चेच घालून पाहिले. कांद्याच्या पातीची जागा ते घेत नाहीत, पण पातीबरोबर छान लागतात. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यात मात्र ही भाजी टाकू नका. मसाला तिला गिळून टाकतो, आणि महिनाभर पाणी घालून वाढवलेली चव अशी घालवणं मला सहन होत नाही.

आणखी एक. पालकात ऑक्झॅलेट असतं, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम अंगाला फारसं लागत नाही. बोक चोयमध्ये ते कमी, म्हणून तिच्यातलं कॅल्शियम चांगलं लागतं. मावशीच्या वयाच्या बायकांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

(दृश्य: फेब्रुवारी. पिवळी फुलं, मधमाश्या.)

खान्देशात थंडी सरली की ऊन धीर धरत नाही. कांद्याला येतात तसे बोक चोयलाही डेंगळे येतात, मधोमध दांडा उंच होतो आणि देठ निबर व्हायला लागतात. पुष्कळजण इथे वाफा उपटून टाकतात. मावशी टाकत नाही. फुलं उमलायच्या आत ती कळ्यांसकट वरचे कोवळे शेंडे खुडते, लसणाच्या फोडणीवर परतते. हलकी कडसर, मोहरीची चव. दोन झाडं तिने हात न लावता ठेवली आहेत. त्यांच्या शेंगा वाळल्या की बी डब्यात जाईल.