उंचीच्या रकान्यातला आकडा

गोवंडी स्थानकातून उतरून देवनारच्या दिशेने चालू लागले की आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था लागते. १९५६ मध्ये लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झालेली आणि १९८५ पासून अभिमत विद्यापीठ असलेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. या सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा झाली. लोकसंख्या आणि आरोग्य या विषयात इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली गाठ अनेकदा याच माहितीशी पडते, आणि तीही छापील अहवालाशी नव्हे, तर कच्च्या फाइलशी.

या फाइलमध्ये एका मुलाची एक ओळ असते. वयाच्या मानाने उंची त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मधल्या उंचीपेक्षा किती प्रमाण विचलनांनी कमी किंवा जास्त आहे, हे तिथे दशांशचिन्हाशिवाय नोंदलेले असते. उणे २५० याचा अर्थ उणे २.५०. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार उणे २ च्या खाली असलेले मूल खुजे धरले जाते. मात्र त्याच रकान्यात अधूनमधून ९९९६ किंवा ९९९८ असेही आकडे भेटतात. ती मापे नसून, ही नोंद हिशेबात धरू नये एवढेच सांगणाऱ्या खुणा असतात. नवख्या इंटर्नकडून त्या गाळायच्या राहतात, सरासरी काढली जाते आणि पडद्यावर राज्यातली मुले एकाएकी ताडमाड होतात. अशा वेळी मार्गदर्शकाने लगेच चूक दाखवू नये, असे आम्हांला वाटते. ओळीन् ओळ तपासत ती स्वतःच शोधण्यात गेलेली दुपार वाया जात नाही.

आकड्यामागचे मूल दिसते ते अंगणवाडीत. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी त्याला फळीवर निजवून मोजतात, तर त्याहून मोठ्या मुलाची उंची उभे करून. एकाच मुलाची ही दोन मापे घेतली, तर निजवून घेतलेले माप सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते, म्हणून कोणत्या पद्धतीने मोजले याचीही नोंद ठेवावी लागते. एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे आणि बाळाने तेवढ्या वेळात आकांत मांडायचा, असा तो प्रकार असतो. जन्मतारखेचे कार्ड सापडले नाही की प्रश्न आणखी अवघड होतो. “पोळ्याच्या आधी झाला,” असे आई सांगते. पण पोळा श्रावणी अमावास्येचा, म्हणजे कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात, आणि वयात महिनाभराची चूक झाली तर काठावरचे मूल खुजेपणाच्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जाऊ शकते.

धोरणाचा प्रश्न यानंतर येतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, पाचव्या फेरीत ते ३५.२ टक्के निघाले. दरम्यान, २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू झाली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून योजना फसली असे म्हणणे सोपे आहे, पण त्याला आधार नाही. एक तर ०.८ टक्क्याचा फरक नमुना सर्वेक्षणात निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. दुसरे असे की, हे सर्वेक्षण जिल्ह्याखाली उतरत नाही; नाशिकच्या एकाच आकड्यात द्राक्षबागांचा निफाड आणि डोंगराळ, आदिवासी सुरगाणा हे दोन्ही तालुके मिसळून जातात.

म्हणून इंटर्नने मसुद्यातला “वाढले” हा शब्द खोडून तिथे “लक्षणीय फरक आढळला नाही” असे लिहिले आहे. समासात पेन्सिलीने आणखी एक नोंद आहे: सुरगाणा, अंगणवाडीनिहाय वजन-उंचीची नोंदवही मागवणे.