700 ग्रॅमचं यान, सांगलीची शिलाई

(सुरुवातीला फक्त शिलाई मशीनचा आवाज. निवेदन दहा सेकंदांनी.)

सांगली. मारुती रोडमागचा बोळ. या मशीनवर एरवी छत्र्या दुरुस्त होतात, पावसाळ्याआधी मोटारसायकलची कव्हरं शिवली जातात. आज पॅराशूटसाठी नायलॉनच्या आठ पाकळ्या एकमेकींना जोडल्या जातायत. पुरं झालं की त्याचा व्यास भरेल 90 सेंटिमीटर. मधोमध वाटीएवढं भोक ठेवायचंय, आणि मशीनवरच्या मामांना ते काही पटलेलं नाही.

“नव्या कापडाला भोक कशापायी? फाटकं दिसंल की.”

कॉलेजची पोरं समजावतात. भोक नसलं तर आत कोंडलेली हवा कधी या काठानं निसटते, कधी त्या काठानं. मग पॅराशूट लंबकासारखं झुलायला लागतं आणि त्याला लटकलेलं यानही. वरून थोडी हवा सतत बाहेर पडत राहिली की झोके कमी होतात. मामांनी ऐकून घेतलं. भोकाच्या कडेनं दुहेरी शिलाई घातली. ती त्यांना कुणी सांगितली नव्हती.

(डब्याचा जवळून शॉट. हातात फिरवताना.)

हे ते यान. याला म्हणतात कॅनसॅट. शीतपेयाच्या कॅनमध्ये मावेल एवढा उपग्रह विद्यार्थ्यांनी बनवावा, ही कल्पना 1998 साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांनी मांडली. काही स्पर्धांतले डबे आता त्याहून मोठे असतात, पण नाव तेच राहिलं. हा उपग्रह कक्षेत जात नाही. त्याला रॉकेटमधून किंवा ड्रोननं वर न्यायचं, सोडून द्यायचं. जमिनीवर टेकेपर्यंत हवेचा दाब, तापमान, स्वतःचा ठावठिकाणा त्यानं दर सेकंदाला खाली कळवत राहायचं. खऱ्या मोहिमेत जे जे असतं ते सगळं यात आहे. फक्त मोहीम काही मिनिटांत संपते.

आपल्याकडे कॉलेजच्या पोरांसाठी ही स्पर्धा ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया, इस्रो आणि खासगी अवकाश कंपन्यांचं काम बघणारी सरकारी संस्था इन-स्पेस यांच्या पुढाकारानं होते. विमानाची आवड असणाऱ्यांसाठी एसएई या इंजिनिअरांच्या संघटनेची एअरो डिझाइन स्पर्धा आहे, रोबोट बनवणाऱ्यांसाठी इस्रोचं रोबोटिक्स चॅलेंज. आमचा कॅमेरा मात्र डब्याच्या मागे लागला.

(तराजू. एकेक सुटा भाग.)

हा तराजू विट्याहून आलाय. टीममधल्या एका मुलीचे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात. सोनं मोजणाऱ्या घरात ग्रॅमचा हिशेब वेगळाच असतो! बॅटरी, सर्किट, रेडिओ, अँटेना, प्लॅस्टिकचा सांगाडा, एकेक स्क्रू, सगळं या पारड्यातून गेलं. यानाचं वजन ठरलंय 700 ग्रॅम. स्पर्धेत यात सूट मिळते ती मोजक्याच ग्रॅमची. पॅराशूट 90 सेंटिमीटरचंच का, तेही या आकड्यावरून आलं. 700 ग्रॅमचा डबा सेकंदाला 5 मीटरच्या वेगानं खाली यायला हवा असेल, तर साधारण एवढं कापड लागतं. वेग निम्मा करायचा म्हटलं तर कापड दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट घ्यावं लागतं. आणि चौपट कापड घडी घालून त्या डब्यात बसवायचं कुठं?

मधले दोन महिने आमच्याकडे चित्रित झालेले नाहीत. त्यात डिझाइनच्या दोन तपासण्या झाल्या, आधी पीडीआर, मग सीडीआर. म्हणजे आपलं डिझाइन परीक्षकांसमोर मांडायचं आणि त्यांचे प्रश्न झेलायचे. लॅपटॉपसमोर बसलेली चार डोकी पडद्यावर किती वेळ दाखवणार? पण गुण तिथंही असतात. आणि पोरं रडकुंडीला येतात तीही तिथंच.

(तोडणी झालेलं उसाचं रान. पहाट.)

ऊस तुटून गेल्यावरचं हे रान. ड्रोन 100 मीटरवर गेलाय. खाली लॅपटॉपवर दाबाचा आकडा उतरताना दिसतोय. आपल्या भागात एक मीटर वर गेलं की दाब साधारण 11 पास्कलनं कमी होतो. यानाला उंची कळते ती यावरूनच.

पहिल्या खेपेला दोऱ्या गुंतल्या.

(इथे निवेदन नाही. पडण्याचा शॉट पूर्ण. ढेकळात रुतलेला डबा.)

दुसऱ्या खेपेला घडी बदलली. दोऱ्या नागमोडी दुमडून घेतल्या.

(इथेही निवेदन नको. 20 सेकंद. वाऱ्याचा आणि पोरांचा आवाज राहू द्यावा.)

(कवलापूरची जुनी धावपट्टी. गवत, शेळ्या.)

विमानाचा विषय निघाला की सांगलीकर कवलापूरच्या या धावपट्टीकडे बोट दाखवतात आणि हळहळतात. आम्हाला बोट दुसरीकडे दाखवायचंय.

(वालचंद कॉलेजचं प्रवेशद्वार.)

हे कॉलेज 1947 साली सुरू झालं. 1955 मध्ये त्याला ज्यांचं नाव मिळालं, त्या उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळूरुला विमानं बनवणारी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. आज आपण तिला एचएएल म्हणतो. त्यांच्याच नावाचं वालचंदनगर इंदापूर तालुक्यात आहे. साखर कारखान्यांना यंत्रं पुरवणारा तिथला कारखाना इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंगही, म्हणजे इंधन भरायची नळकांडीही बनवतो. उसाचा रस काढणारे रोलर आणि रॉकेटची केसिंग एकाच गावात! आपल्या पट्ट्यात साखर कारखाने किती, फाउंड्र्या किती, ते वेगळं सांगायला नको.

(कुपवाड एमआयडीसी. लेथ, उडणारा चुरा.)

करिअर मार्गदर्शनाच्या फ्लेक्सवर नेहमी अंतराळवीराचा फोटो असतो. आमचं त्या फोटोशी भांडण आहे. इस्रोच्या भरतीत सायंटिस्ट-इंजिनिअर ‘एससी’ (हे पदाच्या श्रेणीचं नाव, जातीचा प्रवर्ग नव्हे) या पदासाठी प्रामुख्यानं मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांना बोलावतात. एअरोस्पेसचीच पदवी हवी असं नाही. पदवीला 65 टक्के लागतात. मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंटच्या जागा निघतात. आयटीआयचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट ‘टेक्निशियन बी’ होऊ शकतो. फ्लेक्सवर याला जागा का मिळत नाही, कुणास ठाऊक.

2020 नंतर खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. 18 नोव्हेंबर 2022 ला हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून उडालं, 30 मे 2024 ला चेन्नईच्या अग्निकुलचं रॉकेट. अशा ठिकाणी मुलाखतीला गेलं की मार्कांच्या जोडीनं ‘तुम्ही काय बनवलंय’ हेही विचारतात. तेव्हा ढेकळात रुतलेला डबासुद्धा कामाला येतो.

आपल्या टीमचा नंबर आला नाही. दोघं पुण्यात नोकरीला लागले, एक बंगळूरुला, विट्याची मुलगी गेट या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय.

(पुन्हा बोळ. पुन्हा मशीन.)

यंदा नवी बॅच आलीय, नवा नियम घेऊन. यान आधी छोट्या पॅराशूटनं वेगात उतरवायचं, ठरावीक उंचीवर मोठं उघडायचं. मामांनी कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

“दोन म्हंजे शिलाई दुप्पट. आन् भोकं?”

“दोन्हीला, मामा.”