नोंदवहीत नसलेली घोडी

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

पत्रिकेत माझा विषय ‘ब्रिटिश अमदानीतले थरोब्रेड वळू’ असा छापला आहे. थरोब्रेड म्हणजे इंग्रजांनी शर्यतीसाठी घडवलेली घोड्यांची जात, आणि वळू म्हणजे पैदाशीचा नर घोडा. त्यावर मी येणारच आहे. पण समोर शेतकरी मंडळी बरीच दिसतात, म्हणून सुरुवात बियाण्याच्या पाकिटापासून करतो. ‘पुसा रुबी’ टोमॅटो तुमच्यापैकी कुणी ना कुणी लावलाच असेल. हे पुसा म्हणजे काय? दिल्लीची कृषी संशोधन संस्था, बरोबर. त्या नावाची एक गोष्टही सांगतात. १९०५ साली संस्था निघाली तेव्हा हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने देणगी दिली, म्हणून ‘फिप्स ऑफ यूएसए’ची आद्याक्षरं घेऊन पुसा. देणगी खरी आहे, पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं. पुसा हे बिहारमधलं, बुढी गंडक नदीकाठचं गाव. १९३४ च्या भूकंपात संस्थेची इमारत कोसळली, पुढे संस्था दिल्लीला गेली आणि जाताना गावाचं नाव बरोबर घेऊन गेली. पण त्या पुसा गावात या शेती संशोधनाच्या आधी काय होतं? घोडे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने पुसाला घोड्यांची पैदास सुरू केली, आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं ती या ना त्या रूपात चालली.

कारण उघड होतं. कंपनीची फौज वाढत होती, घोडदळाला आणि तोफा ओढायला घोडे लागत होते. काबूल-कंदाहारकडून सौदागरांचे तांडे येत, इराण-अरबस्तानातून जहाजं येत, पण तो पुरवठा दुसऱ्याच्या हातात. मग घरीच पैदास का करू नये? योजना अशी: मोठ्या हाडाचे, जातिवंत वळू घोडे सरकारी तबेल्यात ठेवायचे. घोड्या आजूबाजूच्या गावांत रयतेकडे. घोडी माजावर आली की तबेल्यात आणून वळू दाखवायचा, आणि पुढे शिंगरू चांगलं निघालं तर कंपनीने विकत घ्यायचं. वळूचा तबेला पक्का, त्याला मोतद्दार, त्याला मोजून दाणा. घोडी मात्र ज्याच्या दावणीला असेल त्याच्या ऐपतीप्रमाणे जगायची.

१८०८ साली या पैदाशीवर विल्यम मूरक्रॉफ्ट आला. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. पशुवैद्यकाचं रीतसर शिक्षण घेतलेला तो पहिला इंग्रज, आणि त्यासाठी तो फ्रान्समध्ये लियाँला गेला होता, कारण तेव्हा इंग्लंडात तशी शाळाच नव्हती. लंडनमध्ये त्याचा उत्तम जम बसला होता. यंत्रावर घोड्याचे नाल पाडण्याच्या नादात पैसा गेला, तरी हिकमत गेली नाही. पुसाला आल्यावर त्याने काय केलं? घोड्यांना चारा हवा म्हणून ओटची शेती केली. तबेले सुधारले. रोगी, निकामी जनावरं काढून टाकली. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण मग त्याच्या डोक्याने एक गोष्ट घेतली: आपल्याला हवा तसा वळू हिंदुस्थानात नाही, तो मध्य आशियात आहे. १८१२ साली तो हिमालय ओलांडून तिबेटात मानसरोवरापर्यंत गेला. कसा गेला? गोसाव्याचा वेष करून, मायापुरी हे नाव घेऊन! बरोबर हिअर्सी नावाचा सोबती, तो झाला हरगिरी. परतताना नेपाळच्या गुरख्यांनी दोघांना अडकवून ठेवलं. एवढं होऊनही १८१९ मध्ये पुन्हा निघाला. लडाख, काश्मीर, पेशावर, काबूल करत १८२५ मध्ये बुखाऱ्याला पोहोचला. वरिष्ठ नाराज होते, तरी गेला. थोडे घोडे मिळाले, आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानातल्या अंदखोयला वारला. सहा वर्षांची पायपीट, शेवटी स्वतःचा जीव, आणि सगळं नरासाठी. पुसाभोवतीच्या गावांतल्या घोड्यांसाठी असा प्रवास कुणी केला नाही. मला आज हेच बोलायचं आहे. वसाहतकाळातल्या वळूची गोष्ट सांगताना घोडी कायम बाजूला राहते, आणि गोष्ट तिथेच चुकते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. कसं कळलं ते सांगतो.

१९८३ चा मे महिना. नोकरीत मी नवा, भीमेकाठच्या एका गावात सरकारी दवाखान्यात. रात्री साडेदहाला सायकलवरून एक पोरगा आला. “डाक्तर, आजीनं बोलावलंय. हरणी अडलीया.” धनगरांचा तळ माळावर पडला होता. मेंढरं वाघरीत बसवलेली, एक कंदील, आणि कंदिलाच्या उजेडात आडवी पडलेली घोडी. भीमथडीची, चार फुटांच्या आसपास उंची, पोट घामाने काळं झालेलं. मी विचारलं, कुठला घोडा दाखवला होता? तर शेजारच्या गावच्या बागायतदाराने शर्यतीतून निवृत्त झालेला एक थरोब्रेड आणून बांधला होता, त्याला दाखवली होती. तो घोडा मी पाहिलेला, सव्वापाच फुटांच्या वर! मी तिथेच म्हातारीवर चिडलो. “आजी, एवढ्याशा घोडीला एवढा मोठा घोडा दाखवायचा का? शिंगरू मोठं असणार. घोडी जाईल तुमची.”

म्हातारी हरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “डाक्तर, शिंगरू कुणाच्या पोटात हाय? घोड्याच्या का घोडीच्या? पोट जेवढं, तेवढंच व्हतंय ते. तू पाय बघ आधी.”

मी हात घातला. एक पुढचा पाय सरळ, त्याच्यामागे नाकपुडी, आणि दुसरा पाय गुडघ्यात दुमडून अडकलेला. शिंगरू मोठं नव्हतंच, पाय चुकला होता. खूर तळव्यात झाकून घ्यायचं, म्हणजे आतलं पोट फाटत नाही, कळ ओसरली की पाय मागे ढकलायचा आणि मग सावकाश सरळ करायचा. ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांना सांगतो: जन्मताना शिंगराच्या खुरांवर मऊ, पिवळसर झालर असते, ओल्या खोबऱ्यासारखी. आईला इजा होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली सोय. शिंगरू चालायला लागलं की ती झिजून जाते. त्या रात्री ती झालर माझ्या बोटांना लागली आणि माझा राग उतरला. पंधरा-वीस मिनिटांत शिंगरू बाहेर आलं. भीमथडीचं कुठलंही शिंगरू असतं तेवढंच होतं. तासाभरात उभं राहून थान शोधायला लागलं. पुढे वाढल्यावर ते आईपेक्षा थोडं उंच झालं, पण बापाच्या जवळपासही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नोंद करायला बसलो. छापील नमुना होता. नराची जात, नराचं नाव, नराचा क्रमांक. मालकाचं नाव, गाव. आणि मादीसाठी एकच रकाना: रंग. मी शेऱ्याच्या जागेत लिहिलं, ‘घोडीचे नाव हरणी, आईचे नाव चिमणी.’ म्हातारीनेच सांगितलं होतं. तिला हरणीच्या मागच्या पाच पिढ्या तोंडपाठ होत्या, आई, आजी, पणजी अशा. महिन्याने वरच्या कचेरीतून तो कागद परत आला, माझ्या ओळीवर तांबडी रेघ आणि बाजूला दोन शब्द: ‘अनावश्यक मजकूर’. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. मला अजून त्या तांबड्या रेघेचा राग येतो. रेघ मारणाऱ्याचा दोष मी फारसा धरत नाही. ज्याने तो नमुना आखला त्याने वळूलाच वंश मानलं, आणि तो विचार पुसापासून आमच्या दवाखान्यापर्यंत जसाच्या तसा आला. गायींच्या संकरातही आपण हेच केलं. विलायती वळूचं नाव, नंबर सगळं होतं. खिलार गाईचं नाव कुठे होतं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. म्हणजे छापलेला विषय आता भराभर सांगायला हवा.

थरोब्रेड ही जातच मुळात नरांच्या नावाने सांगतात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन, हे तीन मूळपुरुष. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये अलेप्पोहून यॉर्कशायरला गेला. पण इंग्रजांकडे पूर्वेकडून नरच जास्त का आले? कारण वाळवंटात भटकणारा बदाऊ अरब नर विकायचा, घोडी सहसा विकायचा नाही. त्याच्याकडे घराणं चालतं ते आईकडून. इंग्रजाला जे विकत मिळालं त्यालाच त्याने मूळ मानलं. १७९१ साली त्यांची वंशावळीची वही पहिल्यांदा छापली गेली. तिच्यात कितीतरी मूळ घोड्यांना स्वतःचं नावच नाही: अमक्याची बार्ब घोडी, तमक्याची मुलगी, बस्स. २००१ साली डब्लिनच्या संशोधकांनी हिशेब मांडला. आजच्या थरोब्रेडपैकी ९५ टक्क्यांची बापाकडची ओळ एकट्या डार्ली अरेबियनपाशी जाते, आणि ७२ टक्क्यांची आईकडची ओळ दहा घोड्यांपाशी. त्यानंतरच्या अभ्यासात या आयांच्या वंशात ब्रिटन-आयर्लंडच्या स्थानिक, गावठी घोड्यांचा मोठा वाटा निघाला. म्हणजे अरबी नराइतकीच तिथली हरणी आणि तिथली चिमणी!

आता वसाहती. व्हर्जिनियात पहिला थरोब्रेड वळू, बुल रॉक, १७३० मध्ये उतरला. तिथल्या वर्तमानपत्रांत वळूंच्या जाहिराती यायच्या: त्याचा बाप कोण, एका खेपेचा दर काय, हंगामाचा दर काय. घोडीचा उल्लेख शेवटच्या ओळीत. चराईची सोय आहे, पण घोडी पळाली तर आम्ही जबाबदार नाही. तरीही अमेरिकेत जात रुजली, कारण तिथे घोड्याही जहाजाने आल्या. गोडॉल्फिन अरेबियनची मुलगी सेलिमा मेरीलँडला आली, १७५२ साली व्हर्जिनियात जाऊन शर्यत जिंकली आणि मग तिचा वंश वाढला. ऑस्ट्रेलियात तेच. १८२५ च्या सुमाराला मँटो ही थरोब्रेड घोडी न्यू साऊथ वेल्सला पोहोचली आणि तिच्यापासून तिथलं एक घराणं सुरू झालं. आयांकडून घराणी मोजून त्यांना क्रमांक देणारा ब्रूस लो हाही ऑस्ट्रेलियनच. त्याने डर्बी, ओक्स आणि सेंट लेजर या इंग्लंडातल्या मोठ्या शर्यती जिंकणारे घोडे कुठल्या मूळ घोडीकडे जातात ते मोजलं.

आणि हिंदुस्थानात? इथे भर नरावरच राहिला. भीमेकाठच्या आळेगावला मुंबई सरकारनेही कंपनीच्या काळात पैदास चालवली होती, ती मोडली. १८७० च्या दशकात बंगालची, म्हणजे पुसाकडची, पैदासही बंद झाली. मग जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी वळू पाठवले: थरोब्रेड, नॉरफोक ट्रॉटर, अरब. रयतेच्या माद्यांवर डाग देऊन सोडलं, पण दाणा ज्याचा त्याने घालायचा. फौजेचं काम शेवटी ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून आलेल्या वेलर जातीच्या घोड्यांनी भागवलं.

हे असं का झालं, याचं एक उत्तर १९३८ साली केंब्रिजला मिळालं. वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर हा अवाढव्य घोडा आणि शेटलंड हे इवलंसं तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. बी दोन्हीकडे तेच, फक्त पोट बदललं. शायर घोडीला झालेलं शिंगरू शेटलंड घोडीला झालेल्या शिंगराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचं निघालं, आणि मोठेपणीही तो फरक पुरता भरून आला नाही. हे वाचलं तेव्हा मी दवाखान्यात एकटाच होतो. मोठ्याने म्हणालो, आजी, तुम्ही बरोबर होता. तोवर म्हातारी गेली होती.

घंटा झाली, थांबतो. भीमथडी आता देशाच्या मान्यताप्राप्त जातींच्या यादीत आली आहे, आणि इथे बसलेल्यांपैकी दहा-बारा घरांत तरी घोडी आहे. दाराजवळच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. तीन रकाने आखलेत: घोडीचं नाव, तिच्या आईचं नाव, आजीचं नाव. ज्यांना घरी विचारावं लागेल त्यांनी थोरल्या बाईमाणसाला विचारून उद्या या, वही वाचनालयातच असेल. पहिली ओळ मी भरली आहे, हरणीची.