सह्याद्रीतला पहिला माणूस

(पडद्यावर : ओझर, पहाट. धावपट्टीपलीकडे द्राक्षबागा.)

ओझरच्या बाजूनं लढाऊ विमानाचा गडगडाट आला की नाशिककर क्षणभर मान वर करतो आणि पुन्हा कामाला लागतो. मिगचा हा कारखाना १९६४चा, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाचा. यशवंतराव १९६३मध्ये लोकसभेवर गेले तेही नाशिकमधूनच, बिनविरोध. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं.

पण सह्याद्रीकडचा एक माणूस हिमालयाच्या पायथ्याशी आधीच उभा होता आणि सावध करत होता. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

जन्म १९०६, कोल्हापूरकडचा. सँडहर्स्टला शिकून १९२६मध्ये अधिकारी झाले. जानेवारी १९४५मध्ये ब्रह्मदेशात, कांगावच्या लढाईत, त्यांनी पंजाब पलटण लढवली. थिमय्या, सेन आणि थोरात, एकाच ब्रिगेडचे तीन भारतीय पलटणप्रमुख, तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान. पुढे कोरियात, मायदेशी परतायला तयार नसलेल्या हजारो युद्धकैद्यांवर पहारा. लढाईपेक्षा हेच अवघड म्हणायचं.

(पडद्यावर : ईशान्य सीमेचा जुना नकाशा.)

१९५७पासून लष्कराचा पूर्व विभाग त्यांच्याकडे. मुख्यालय लखनौला, डोकेदुखी नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. ऑक्टोबर १९५९मध्ये त्यांनी कागद मांडला : चीन कुठून येईल, त्याला कुठं थोपवायचं, त्यासाठी फौज किती लागेल. अगदी सीमेवरच्या चौक्या टिकणार नाहीत, खरी लढाई मागच्या फळीवर द्यावी लागेल, असा त्यांचा हिशेब. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. मार्च १९६०मध्ये थोरातांनी लखनौला हाच हिशेब नकाशावर लढवून दाखवला. त्या सरावाचं नाव ‘लाल किला’. तरीही हललं काहीच नाही.

थिमय्या तेव्हा लष्करप्रमुख; आपल्यानंतर त्या पदासाठी त्यांनी थोरातांचं नाव सुचवलं होतं. नेमले गेले थापर. मे १९६१मध्ये थोरात निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२. चिनी फौजा उतरल्या, त्या बऱ्याचशा त्या कागदाबरहुकूम. नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं आणि विचारलं, हे मला आधी का दाखवलं नाही? हा प्रसंग थोरातांनीच सांगून ठेवलाय. कागद तर तीन वर्षं दिल्लीतच होता.

नोव्हेंबरात राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली. तिच्यात थोरात होते. आता त्यांचा सल्ला मागितला जाऊ लागला, गणवेश उतरल्यावर. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि सरकारी नोकरीसाठी आलेली तरुण पोरं त्यांच्यासमोर बसू लागली.