वाळूच्या दाण्यावर मातीचा हलवा

नमस्कार मंडळी! पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आमची आजी पिंपात तुरटी फिरवायची, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत तुम्हीही बघितलं असेल. चिकणमातीच्या कणांवर निगेटिव्ह चार्ज असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात म्हणून खाली बसतच नाहीत, मग तुरटीतलं ॲल्युमिनियम तो चार्ज मारतं आणि कण गोळा होऊन तळाला जातात.

हे पुराण कशाला लावलं, तर वाळूवरसुद्धा निगेटिव्ह चार्जच असतो आणि मला या दोघांचं लग्न लावायचंय, म्हणजे पाणी गाळायला वाळूच्या दाण्यावर मातीचा थर बसवायचाय.

वाळूतून पाणी मस्त उतरतं, आपल्या मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेल्स, म्हणजे वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या विहिरी, त्याच भरवशावर चालतात, पण पाण्यात विरघळलेलं शिसं वाळूला फारसं धरता येत नाही. ते धरते बेंटोनाइट. कच्छमधून येणारी फुगणारी माती, इलेक्ट्रिशियन लोक अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात ना, तीच. तिच्यातल्या मुख्य खनिजाचं नाव मॉन्टमोरिलोनाइट, त्याचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाड आणि १ ग्रॅममधले सगळे उलगडून अंथरले तर ७०० चौरस मीटर भरतील, म्हणजे चिमूटभर मातीत सहा मोठे फ्लॅट! मी हौसेनं ती वाळूत नुसतीच कालवून बाटलीत भरली, वरून पाणी ओतलं, आणि सकाळी बघतो तर पाणी जिथल्या तिथे. माती फुगून सगळ्या फटी बंद. अहो, तळ्याची गळती थांबवायला हीच वापरतात, तेव्हा डोकं कुठे होतं कोण जाणे.

मग मध्यस्थ लागतो, पॉझिटिव्ह चार्जवाला पॉलिमर. पॉलिडॅडमॅक म्हणून एक आहे, किंवा कोळंबीच्या सालांपासून बनणारं कायटोसान. लांबलचक साखळी ही, थोडी वाळूला बिलगते, थोडी मातीला. करायचं कसं, तर संक्रांतीचा हलवा आठवा, खसखशीवर पाक थेंबथेंब घालत हळूहळू हलवायचं, घाई केली की लाडू! इथेही वाळू आधी स्वच्छ धुवायची, पॉलिमरच्या पातळ पाण्यात घोळवायची, निथळायची, मग मातीचं पातळ पाणी, मग वाळवण. दाण्यावर पातळ थर बसतो आणि मधल्या फटी मोकळ्या राहतात.

पॉलिमर जास्त पडला तर मात्र पंचाईत, दोघंही पॉझिटिव्ह होतात आणि परत भांडण सुरू, शिवाय शिसं धरायची जागाही पॉलिमरनंच अडवलेली. गंमत म्हणजे अशी पॉझिटिव्ह झालेली माती निगेटिव्ह चार्जचे कापडाचे रंग छान पकडते, म्हणून काय पकडायचंय ते आधी ठरवा आणि मग पॉलिमर मोजा. आणि हे पिण्याच्या पाण्यासाठी घरी करू नका हं, कुठला पॉलिमर किती चालतो हे बघणं जाणकारांचं काम.

जमलं की नाही ते बघायला वाळलेली वाळू ग्लासभर पाण्यात टाकून जोरात हलवायची. पाणी गढूळ झालं तर समजा, पाक कच्चा राहिला.