चित्र घरीच लावायचं

(दृश्य: कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं घर. माडीवरच्या टेबलावर माउंटबोर्ड, पट्टी, कटर. शेजारी जलरंगातलं चित्र.)

पंचगंगेच्या घाटाचं हे चित्र रंगवून झालं, खाली सहीही झाली. तरी या चित्रकार बाईंच्या लेखी काम अजून अर्ध्यावरच आहे. फ्रेम त्या बाहेर करायला देत नाहीत. माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवायचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, तो कापण्यापासून भिंतीवर खिळा ठोकेपर्यंत सगळं त्या स्वतः करतात.

कागद 11 बाय 15 इंचांचा. माउंटची खिडकी कापताना पातं 45 अंशांत तिरकं धरायचं, म्हणजे चित्राभोवती पांढऱ्या उताराची बारीक कड दिसते. खालची बाजू थोडी रुंद ठेवायची. चारी बाजू सारख्या ठेवल्या, तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस.)

पण माउंट काही नुसता शोभेसाठी नसतो. काच आणि कागद यांच्यात तो फट ठेवतो, आणि कोल्हापूरच्या पावसात ती फट फार मोलाची. गगनबावड्याकडून आलेली झड दिवसेंदिवस हटत नाही, भिंती ओल धरतात, काचेच्या आत दमटपणा साठतो. कागद काचेला टेकलेला असला तर तिथंच चिकटतो, मग बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. ते पुसून जात नाहीत.

म्हणून फ्रेमच्या मागं, खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत. भिंत आणि फ्रेम यांच्यामधून वारा खेळतो. पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर एकही चित्र नाही. थेट ऊन येतं तिथंही नाही, कारण अलिझरिन क्रिमझन या गडद लाल रंगासारखे रंग उन्हानं उडतात.

(दृश्य: हात जवळून. खळ लावणं.)

सेलोटेपला या टेबलावर जागा नाही. चित्राच्या फक्त वरच्या कडेला, दोनच ठिकाणी, जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं चिकटवल्यात. बाकीचा कागद मोकळा, हवेप्रमाणं फुगायला आणि आकसायला. उद्या कुणाला चित्र बाहेर काढायचं झालं, तर पाण्याचा हात लावला की खळ सुटेल, कागद फाटणार नाही. आपल्यानंतर हे चित्र हाताळणाऱ्याचा त्यांनी केलेला हा विचार मला सगळ्यात मोठा वाटला.

आपल्याकडं जुन्या घरांत फोटो छताजवळ, पुढं कललेले लावतात. देवांना, पूर्वजांना ते शोभतं. चित्र मात्र उभ्या माणसाच्या नजरेसमोर हवं: मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर.

(दृश्य: कोटितीर्थ तलाव.)

याच गावात, कोटितीर्थाच्या काठी चित्रकार आबालाल रहिमान रंगवत होते. शाहू महाराज 1922 साली गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली कित्येक चित्रं पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. त्यांची जी थोडी चित्रं उरली, ती बघताना गेलेल्यांची हळहळ वाटते.

(दृश्य: राजारामपुरी.)

आणि याच गावात नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं ‘निसर्ग’ हे घर चित्रांसकट सरकारच्या हवाली केलं. आज तिथं त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे. त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं म्हणजे कागदावर बसवलेली कोरडी रंगपूड; बोट लागलं तरी बिघडावी अशी. तिला काच हवीच, आणि काचेपासून अंतरही हवं. कोल्हापूरला आलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर तासभर काढून तिकडं जा. चित्रं बघाच, फ्रेमाही बघा.